हिरवळ कुणाची, खाडी कुणाची?

आपल्या अंगणात काय लावावे आणि त्याला कोणते खत घालावे, हे ठरविण्याचा अधिकार घरमालकाचा असतो, याबद्दल दुमत नाही. परंतु पाऊस ही मालकी मानीत नाही. मीरा-भाईंदरमधील कित्येक गृहसंकुले खाडीलगतच्या सखल जमिनीवर उभी आहेत. तेथील हिरवळीवर घातलेले खत मुळांनी शोषून घेण्यापूर्वीच जूनमधली एखादी जोराची सर आली, तर ते गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जाते. नत्र व स्फुरद तेथेही आपले काम करीतच राहतात. मात्र गवताऐवजी शेवाळ पोसतात. शेवाळ मरून कुजू लागले की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासळी गुदमरते.

कोणी म्हणेल, खाडी नासली ती सांडपाण्याने; मूठभर युरियाचे एवढे अवडंबर कशाला? हे म्हणणे खोटे नाही. सांडपाण्याचा वाटा कितीतरी मोठा आहे आणि त्याचा जाब महानगरपालिकेला विचारलाच पाहिजे. तथापि नैतिक प्रश्न तेथे सुटत नाही, उलट अधिक अवघड होतो. हा एकट्याने केलेला अपराध नव्हेच. प्रत्येकाचा वाटा इतका लहान, की सद्सद्विवेकबुद्धीला टोचणीही लागू नये. आणि खाडीत जाळे टाकणाऱ्याची पाटी मात्र सर्वांच्या वाट्यांमुळे हलकी होते. हिरवळीचे सुख ज्याला लाभते, त्याला ती पाटी दिसतही नाही.

मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये. ज्यांमुळे इतरांना इजा पोहोचते, त्यांना प्रामुख्याने आळा घालावा, असे संत थॉमस अक्वायनस यांचे मत होते. त्या कसोटीवर खताचे नियमन अन्याय्य ठरत नाही. कायद्याने विवेकाचा अपमान होतो, हा आक्षेप मला पटत नाही. एकट्याने संयम पाळणारा शेजाऱ्याच्या हिरव्यागार लॉनपुढे वेडा ठरतो. नियम सर्वांना लागू झाला की त्याचा संयम वाया जात नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २००२ साली असा कायदा केला. २००५ पासून तेथे राज्यभर, माती परीक्षणात गरज दिसल्याखेरीज अथवा हिरवळ नव्याने लावावयाची असल्याखेरीज, तिच्यावर स्फुरदयुक्त खत घालता येत नाही. शेतीला मात्र सूट आहे. ही सूट विचारात पाडणारी आहे. त्याच देशात ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातील विषारी शेवाळामुळे टोलेडो परिसरातील चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिण्यास मनाई करावी लागली. उकळूनही उपयोग नव्हता! तेथे मुख्य दोष शेतातून वाहून आलेल्या खताचा होता. तरीसुद्धा अन्नासाठी घातलेले खत आणि शोभेसाठी घातलेले खत यांना एकाच तराजूत तोलणे मला योग्य वाटत नाही. शेतकऱ्याला मार्ग दाखवावा लागेल; शोभेला मुरड घालता येते.

आपल्याकडील १९८५ चा खत नियंत्रण आदेश खताचा दर्जा, किंमत व विक्री यांवर लक्ष ठेवतो. सोसायटीच्या हिरवळीवर किती खत पडते, हा त्याचा विषय नव्हे. कायदा होईल तेव्हा होवो. जून ते सप्टेंबर खत नाही, आणि एरवीही माती तपासल्याशिवाय नाही, एवढा ठराव सोसायटीच्या वार्षिक सभेला करता येईल. त्यात माळ्याचीही आठवण ठेवावी. त्याला ‘हिरवेगार ठेव’ एवढेच सांगितलेले असते आणि गवत पिवळे पडले की बोलणी त्यालाच खावी लागतात.