एका खुंटीला टांगलेलं घर

शेवटच्या दिवशी परत करायच्या वस्तूंची यादी ऑफिसने आदल्या संध्याकाळीच मेलवर पाठवली होती. आयकार्ड, लॅपटॉप, चार्जर, ड्रॉवरची किल्ली, पार्किंगचा स्टिकर. प्रत्येकीपुढे खूण करायला एक चौकट. यादीखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: रात्री १२ वाजल्यापासून गट आरोग्य विम्यात तुमचा आणि तुमच्या कुटुंबीयांचा समावेश राहणार नाही. त्या ओळीपुढे चौकट नव्हती. ती वस्तू परत करावी लागत नाही, आपोआप जाते.

माझ्या ८ केमोंपैकी तेव्हा ५ झाल्या होत्या.

मी हिशेब खात्यात १९ वर्षं काढलेली बाई. रडायला बसण्याआधी आकडे मांडायची सवय. डोंबिवलीच्या लोकलमध्ये मिळालेल्या चौथ्या सीटवर बसून मोबाइलवर मांडले. तीन केमो, त्यानंतर रेडिएशन, त्यानंतर कित्येक वर्षांच्या गोळ्या. नवऱ्याचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान, म्हणजे घरात विमा होता तो फक्त माझ्या नोकरीतून. त्यात नवरा, मुलगी आणि सासूबाईही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलेलं. डोंबिवली यायच्या आत माझ्या लक्षात आलं, की पगार, औषध आणि चार माणसांची हमी हे सगळं आम्ही एकाच खुंटीला टांगून ठेवलं होतं. आणि ती खुंटी म्हणजे माझं शरीर. ते धड आहे तोवर सगळं जागच्या जागी. ते बिघडलं, की ज्या वेळी विमा लागणार नेमक्या त्याच वेळी तो निसटणार.

हे कुणा एका मालकाचं क्रौर्य म्हणून सोडून देता आलं असतं. पण हिशेबातली एकच चूक सगळ्या वह्यांमध्ये सापडली, तर ती कारकुनाची नसते, पद्धतीची असते.

*

नोकरी आणि विमा यांचं हे लग्न लागलं कसं? त्यातला एक मोठा प्रसंग अमेरिकेतला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, महागाई रोखायला तिथल्या सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली. कामगार तर हवे होते. मग मालकांनी पगाराऐवजी आरोग्य विमा देऊ केला, कारण त्याला पगारात धरलं जात नव्हतं. पुढे करसवलतीने ती तात्पुरती सोय कायमची झाली. तिचा फटका बसू लागल्यावर १९८५ चा कायदा आला. त्यानुसार नोकरी गेलेल्या माणसाला साधारण १८ महिने जुना विमा चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के खर्च स्वतःच्या खिशातून भरून. पगार बंद झालेल्या माणसाने. पूल बांधला, पण टोलनाका त्याच्या तोंडाशीच ठेवला.

आपली सुरुवात वेगळी होती. १९४४ मध्ये प्राध्यापक अदारकरांनी औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याचा अहवाल दिला. १९४६ मध्ये भोर समितीने सांगितलं, की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये. १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. गंमत अशी, की ब्रिटनने सगळ्या नागरिकांसाठी आपली आरोग्य सेवा सुरू केली तीही १९४८ मध्येच. त्यांनी नागरिक धरला, आपण कामगार धरला.

तरी कामगार विम्याची कल्पना फार शहाणी होती, हे मला कायदा वाचताना कळलं. आजारपण येतं ते दोन हातांनी लुटतं: एका हाताने खर्च वाढवतं, दुसऱ्याने कमाई थांबवतं. ही योजना दोन्ही हात धरते. उपचार तर देतेच, शिवाय आजारपणात ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के रक्कम देते. क्षय, कर्करोग यांसारख्या ३४ दीर्घ आजारांत, अटी पूर्ण होत असतील तर, जास्तीत जास्त २ वर्षं ८० टक्के देते. हा लाभ चालू असताना मालकाने कामगाराला काढायचं नाही, हेही १९४८ च्या कायद्यात होतं. यासाठी कामगाराच्या पगारातून कापला जातो अवघा पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के.

पण योजनेला छत आहे. २०१७ पासून मासिक २१,००० रुपये. त्यापेक्षा जास्त पगार असला, की तुम्ही बाहेर. मला आठवतं, माझा पगार वाढून मी ‘ईएसआय’मधून, म्हणजे याच कामगार विम्यातून, सुटले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. दवाखान्यातल्या रांगा संपल्या, आता मेडिक्लेमचं कार्ड! १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी आणलेला मेडिक्लेम तोवर मध्यमवर्गाच्या पाकिटात बसला होता. कार्डाने खोली मिळत होती, एसी मिळत होता. आजारी पडून घरी बसलं तर पगाराचं काय, हा प्रश्न त्या पेढ्यांच्या गडबडीत कुणी विचारला नाही. मीही नाही.

*

मनुष्यबळ विभागातली मुलगी वाईट नव्हती. तिने पाणी दिलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, टर्मिनेशन दिसण्यापेक्षा तुम्हीच राजीनामा दिलात तर रेकॉर्डला बरं.” कुठल्या रेकॉर्डला, हे विचारायचं मला सुचलं नाही. दोन ओळींचा राजीनामा मी तिच्याच पेनाने लिहून दिला.

नंतर समजलं, की १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीची व्याख्या होती आणि सततच्या आजारपणामुळे नोकरी संपवणं हे त्या व्याख्येतून मुद्दाम वगळलेलं होतं. म्हणजे कपातीला असणारी नोटीस आणि भरपाईची ढाल तिथे मिळत नव्हती. मी हिशेबनीस, कायद्याच्या अर्थाने कामगार की नाही हाही वेगळा वाद झाला असता. पण त्या एका वगळण्यात आपला समाज आजारपणाकडे कसा पाहतो ते मावलेलं आहे. यंत्र बंद पडलं तर दोष मालकाचा असू शकतो, शरीर बंद पडलं तर दोष ज्याचं शरीर त्याचा.

मग मी विमा विकत घ्यायला निघाले. ओळखीच्या एजंटाने प्रस्तावाचा फॉर्म समोर ठेवला. आधीचे आजार, ऑपरेशनं, चालू औषधं. तो बराच वेळ फॉर्मकडे बघत राहिला आणि म्हणाला, “ताई, खरं लिहिलं तर मिळणार नाही, खोटं लिहिलं तर टिकणार नाही.” या धंद्याबद्दल इतकं नेमकं वाक्य मी कुठल्याही माहितीपत्रकात वाचलेलं नाही. २०२४ मध्ये नियम सैल झाले, आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा ४ वर्षांवरून जास्तीत जास्त ३ वर्षांवर आली, हे खरं. पण केमो २१ दिवसांवर होती.

एक दार मात्र होतं. गट विम्यातून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो आणि आधी काढलेली प्रतीक्षेची वर्षं त्यात मोजली जातात. कंपनी अर्ज तपासून घेते, त्यामुळे हमी नाही. पण हा अर्ज जुना विमा जिवंत असताना करायचा असतो. वस्तू परत करण्याच्या यादीत ही ओळ कुणी घातली असती, तर एक चौकट मी आनंदाने भरली असती. वाचकांपैकी कुणाची नोकरी डळमळीत असेल, तर राजीनाम्याच्या कागदाला हात लावण्याआधी हा कागद मागा.

*

माझी मावशी भेटायला आली आणि म्हणाली, “बरंच झालं बाई, आता घरी बसून आराम कर.” नवऱ्याची नोकरी गेली असती तर हेच वाक्य तिच्या तोंडून निघालं असतं का? बाईची नोकरी म्हणजे घराला लावलेला जादाचा पंखा, बंद पडला तर खिडकी उघडायची. त्या पंख्यावर घरातल्या चौघांचा श्वास चालला होता, हे घरातल्यांनाही हप्ता थांबल्यावरच कळलं.

दुसरं वाक्य सगळ्यांचं एकच: पॉझिटिव्ह राहा. लोक मनापासून म्हणतात, म्हणून राग धरता येत नाही. पण या सल्ल्यात एक छुपी वसुली असते. बरं झालात तर तुमच्या मनोधैर्यामुळे, नाही झालात तर कुठेतरी तुम्हीच कमी पडलात. मला धीर दिला तो अशा वाक्यांनी नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू पहाटेच्या लोकलने परळला जाऊन टाटा हॉस्पिटलमध्ये माझ्या आधी रांगेत उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, “तू नंतर ये सावकाश. मला उभं राहायची सवय आहे.”

तोवर मी ठाण्याच्या एका खासगी हॉस्पिटलात उपचार घेत होते. टाटामध्ये नोंदणीच्या वेळी विचारतात, जनरल की प्रायव्हेट? आयुष्यभर ज्या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं त्यापुढे मी अडखळले. १९४१ मध्ये उघडलेल्या या हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर, निळ्या प्लास्टिकखाली, बिहार-बंगालपासून विदर्भापर्यंतची कुटुंबं राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ती भाग्यवान म्हणायची. वर्षानुवर्षं ऑफिसला जाताना मी त्यांच्याबद्दल हळहळले होते. आता त्यातल्याच एका बाईने बाकावर सरकून मला जागा दिली.

समाजसेवा विभागात विचारलं, रेशनकार्ड कुठलं? पांढरं. आमच्या घरी ते फक्त पत्त्याचा पुरावा म्हणून कपाटात होतं, घडीवर फाटलेलं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना आधी मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांसाठी होती. २०२३ मध्ये सरकारने ती सगळ्याच शिधापत्रिकाधारकांना खुली करायचं ठरवलं आणि दीड लाखाची मर्यादा ५ लाखांवर नेली. धर्मादाय रुग्णालयांमध्ये निर्धनांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, तो मार्गही तपासला. तिथे उत्पन्नाचा दाखला लागतो. माझा दाखला मागच्या वर्षीच्या पगाराचा, गरज या महिन्याची. कागदावर मी अजून सुखवस्तू होते.

या सगळ्या धावपळीत एक बदल माझ्या उशिरा लक्षात आला. पूर्वी मी कार्ड दाखवायची, आता कागद दाखवत होते. कार्ड दाखवताना मान ताठ असते, कागद दाखवताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं. पैशाआधी जाते ती ही ताठ मान. पण मला त्याहून लाजिरवाणं वाटलं ते दुसरंच. ही रांग, हे बाक, ही व्यवस्था मी कित्येक वर्षांपूर्वी पेढे वाटून सोडून आले होते. माझ्यासारखे लाखो लोक सोडून आले. ज्यांना तक्रार लिहिता येते, वर्तमानपत्रात पत्र छापून आणता येतं, ते सगळे बाहेर पडले, आणि मग सरकारी रुग्णालयात पंखे का चालत नाहीत हे विचारणारं कुणी उरलं नाही. आपण जे मोडकळीला येऊ दिलं, त्याच्याच ओसरीवर शेवटी आपल्याला पाठ टेकायची असते.

*

आमच्या सोसायटीत १२ जणींची भिशी आहे. महिन्याला प्रत्येकी २,००० रुपये, दर महिन्याला एक चिठ्ठी. त्या महिन्यात मी गेले नाही. रात्री काकूंनी २४,००० रुपयांचं पाकीट आणून दिलं. “यंदा चिठ्ठी काढली नाही,” एवढंच म्हणाल्या. अर्ज नाही, दाखला नाही, कुठला आजार ते विचारणं नाही.

भिशीचं फार कौतुक करायचं नाही, असं मी ठरवलं आहे. २४,००० रुपयांत कॅन्सर बरा होत नाही. १२ घरांपैकी तिघांवर एकदम वेळ आली तर भिशी मोडते. शेजारधर्माच्या गोष्टी सांगून सरकारला सुट्टी देणं हा तर आपला आवडता उद्योग. पण हिशेबनीस म्हणून त्या पाकिटात मला एक नियम दिसला. भिशीत चिठ्ठी आधी लागली म्हणून कुणाला बाहेर काढत नाहीत. उलट उचल घेतलेलीनेच पुढचे हप्ते चुकवायचे नसतात, म्हणून तिला आत ठेवण्यातच सगळ्यांचं हित असतं. गट विम्याचा नियम बरोबर उलटा: ज्याची चिठ्ठी लागली, तोच पहिला गटाबाहेर.

म्हणजे प्रश्न उरतो तो भिशी केवढी असावी एवढाच. १२ जणींची पुरत नाही, एका कंपनीची टिकत नाही. ती राज्याएवढी, देशाएवढी झाली आणि तिचं सभासदत्व नोकरीवरून न ठरता जन्मावरून ठरलं, तरच आजारी माणसाला बाहेर ढकलण्यात कुणाचा फायदा राहणार नाही. फाटक्या पांढऱ्या कार्डावर मला उपचार मिळाले, ते या दिशेने पडलेलं एक पाऊल आहे. मात्र ते कार्ड औषधाचं बिल भागवतं, थांबलेला पगार नाही. अदारकरांना १९४४ मध्ये दिसलेला दुसरा हात अजून मोकळाच आहे.

केमो संपल्या, रेडिएशन संपलं. केस परत आले, कुरळे. आता मी दुकानात बसते आणि गिऱ्हाइकांच्या झेरॉक्स काढताना दाखले ओळखते. कुणी उत्पन्नाचा दाखला आणला, की कशासाठी हवाय हे विचारते आणि दोन प्रती जास्त काढून देते.

भिशीचे हप्ते मी मागच्याच महिन्यात पूर्ण केले. या महिन्यात माझ्याकडे बारा जणी जमल्या. चहा झाला, वाटीत चिठ्ठ्या घातल्या. तिसऱ्या मजल्यावरची गप्प होती. तिच्या मुलाची नोकरी गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याची बायको सातव्या महिन्यात. कुणीच काही बोललं नाही. काकूंनी वाटी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि आत ओट्यावर नेऊन ठेवली.