आनंदाचे श्रेयांक

जी गोष्ट मनुष्य केवळ आवडीखातर करतो, तिच्यासाठीं त्याला बाहेरून मोबदला देऊं लागलें म्हणजे त्या गोष्टीचें खरें मोल वाढतें कीं घटतें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या तासाला मी कित्येक वर्षें मुलांपुढें मांडीत आलों आहें. त्याचें उत्तरहि मला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षभरांत ती समजूत डळमळली. आणि ती डळमळविली कोणा तत्त्ववेत्त्यानें नव्हे, तर पुनावळ्याच्या एका विद्यार्थिनीनें आणि तिच्या वडिलांनीं. तें सर्व जसें घडलें तसें येथें सांगतों.

पुनावळे हें मुंबई-बंगळूर महामार्गालगतचें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आलें. त्यानंतरच्या काळांत शेतांच्या जागीं उंच इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांत अथवा चाकणच्या कारखान्यांत काम करणारीं कुटुंबें तेथें येऊन राहिलीं. या परिसरांत जीं अनेक महाविद्यालयें निघालीं त्यांपैकीं एकांत मी शिकवितों. इकडच्या जुन्या गांवांची घडी निराळी होती. शरीर कमावावयाचें तर तालीम असे, मन रमवावयाचें तर देवळांत भजन असे. देहू आणि चिंचवड हीं दोन्हीं क्षेत्रें जवळ असल्यामुळें वारीची व मोरयाच्या उत्सवाची हवा अंगवळणीं पडलेली असे. तालमींत कोणी हजेरीपट ठेवीत नसे आणि टाळकऱ्यास कोणी गुण देत नसे. नव्या वस्तींत मात्र एकाच जिन्यानें जाणारीं-येणारीं माणसें एकमेकांस ओळखत नाहींत. तरुण मुलांनीं एकत्र जमून गावें, नाचावें, घाम गाळावा, अशी जागा आतां उरली आहे ती बहुतेक महाविद्यालयाच्या आवारांतच. म्हणून तेथें काय चालतें हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहिलेला नाहीं.

पूर्वीं या गोष्टी स्नेहसंमेलनांत मोडत आणि वर्षांतून एकदां होत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें, व त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं ठरविलेल्या आराखड्यानें, त्यांना अभ्यासक्रमांतच आणून बसविलें. आरोग्य व स्वास्थ्य, योग, क्रीडा, सांस्कृतिक कार्यक्रम, ललित कला हे आतां पदवीचे अभ्यासपूरक विषय झाले असून त्यांना श्रेयांक मिळतात. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास तीस तास असा हिशेब. म्हणजे दोन श्रेयांकांस साठ तास गायन, साठ तास चित्रकला, किंवा साठ तास प्राणायाम.

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या येथें कला व स्वास्थ्य यांचा एक सप्ताह झाला. सकाळीं सात वाजतां सभागृहांत योगासनें, दुपारीं गायन व चित्रें, संध्याकाळीं एकांकिका, असा कार्यक्रम होता. पहिल्या दिवशीं मी दाराशीं उभा होतों. मुलें रांगेनें आंत येत, दारावर चिकटविलेल्या चौकोनी खुणेसमोर आपापला मोबाइल धरून हजेरी नोंदवीत, आणि त्यांतलीं निदान निम्मीं मागच्या दारानें उपाहारगृहाकडे निघून जात. व्यासपीठावरील शिक्षक मन एकाग्र करावयास सांगत होते आणि मागचें दार सारखें करकरत होतें. मला हंसूं आलें, आणि वाईटहि वाटलें. त्याच रात्रीं मीं समितीसाठीं एक टिपण लिहिलें: हे उपक्रम आपल्या हातीं आहे तितके ऐच्छिक करावेत, ज्यास यावयाचें तो येईल.

माझे मुद्दे असे होते. स्वास्थ्य हा शब्दच पाहावा. जो स्वतःच्या ठायीं स्थिर आहे तो स्वस्थ. दारावरच्या खुणेकडे डोळे लावून जो आंत शिरतो तो स्वतःच्या ठायीं नसून गुणपत्रिकेच्या ठायीं असतो. तरुणांना संगीत कां शिकवावें याचा विचार ॲरिस्टॉटलनें ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागांत केला आहे, आणि फुरसतीचा काळ चांगल्या रीतीनें घालवितां यावा हें त्याचें एक मोठें कारण सांगितलें आहे, शाळेला इंग्रजींत जो शब्द आहे तोहि मुळीं फुरसत या अर्थाच्या ग्रीक शब्दापासूनच आलेला आहे. आपल्याकडे तर फळाची आशा न धरतां कर्म करावें ही शिकवण गीतेनें घरोघर पोंचविली आहे. आणि दूर कशाला, पुण्यांतलेंच उदाहरण घ्यावें. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे. तिच्या तालमींसाठीं मुलांनीं रात्री जागविल्या, त्या कांहीं श्रेयांकांसाठीं नव्हेत. २०२२ सालीं तर परीक्षकांनीं करंडक कोणत्याच संघास दिला नाहीं. त्यावर वादंग झालें. परंतु पुढच्या वर्षीं महाविद्यालयांचे संघ पुन्हा रंगमंचावर उभे राहिलेच. करंडक मिळेलच असें नाहीं हें पाहूनहि जो पुन्हा येतो, त्यास श्रेयांकांची लालूच कशाला हवी?

हें टिपण मला इतकें पटलें होतें कीं मीं तें वर्गांतहि वाचून दाखविलें. तास संपल्यावर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या खोलीच्या दाराशीं आली. “सर, तेवढा अनिवार्य शब्द काढूं नका,” ती म्हणाली. हिला गुणांची काळजी असावी असें मला वाटलें. विचारतां तिनें सांगितलें तें असें. घर जुन्या गांवठाणांत. वडील चाकणला एका कारखान्यांत पाळीनें कामाला. मुलीनें संध्याकाळीं पांचच्या आंत घरीं यावें हा शिरस्ता. आजोबा गांवच्या भजनांत पखवाज वाजवीत. तो पखवाज अजून घरांत भिंतीशीं ठेवलेला आहे, पण मुलीच्या जातीनें त्यास हात लावलेला कोणास रुचत नसे. महाविद्यालयांत तिनें पखवाजच निवडला होता, आणि वेळापत्रकावर अनिवार्य असें छापलेलें असल्यामुळेंच तिला सातपर्यंत घरीं येण्याची मुभा मिळाली होती. “ऐच्छिक असतें तर घरीं विचारायचीसुद्धां सोय नव्हती, सर.”

ती गेल्यावर मीं टिपण पुन्हा वाचलें. त्यांत सर्वत्र एक विशिष्ट मनुष्य गृहीत धरलेला होता: ज्याचा वेळ त्याचा स्वतःचा आहे असा. डेक्कन कॉलेजांतल्या पहिल्या वर्षीं टिळकांनीं अभ्यास बाजूस ठेवून सारें लक्ष व्यायामाकडे दिलें व दुबळें शरीर बळकट केलें, ही हकीकत आपण मुलांना अभिमानानें सांगतों. अभ्यास असा बाजूस ठेवतां येण्यासाठीं एक वर्ष मागें पडणें परवडावें लागतें, हें मात्र आपण सांगत नाहीं. ॲरिस्टॉटलच्या नागरिकाची फुरसत गुलामांच्या श्रमांवर उभी होती. एकांकिकेच्या तालमींत रात्री जागविणारीं मुलें हीं ज्यांना घरून रात्रीं बाहेर राहूं दिलें जातें तींच. किती जणी दाराबाहेरच राहिल्या त्याची मोजदाद कोणी केलेली नाहीं. ज्याची इच्छा घरांत विचारली जाते त्यालाच ऐच्छिक या शब्दाचा उपयोग. ज्या माझ्या तत्त्वाला मी निष्काम समजत होतों त्याच्या पोटांत एवढी सोय दडलेली होती. मीं टिपण मागें घेतलें.

तर मग मोजणी चांगली, असें म्हणावयाचें काय? तितकेंहि सरळ नाहीं. चिंचवडहून ज्या लोहमार्गानें लोणावळ्यास जातां येतें त्या लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन केलें, आणि योगाच्या क्रियांची आधुनिक उपकरणांनीं व क्ष-किरणांनीं तपासणी केली. मोजल्यामुळें योग विटाळला असें कोणी म्हणत नाहीं. परंतु ती मोजणी श्वास शरीरांत काय करतो हें कळण्यासाठीं होती. ज्याचा श्वास मोजला त्यास त्याबद्दल बक्षीस द्यावयाचें नव्हतें. आमची मोजणी मोबदल्यासाठीं आहे, आणि मागचें दार करकरतें तें त्यामुळेंच. त्या मुलीच्या बाबतींत मात्र तीच मोजणी परवानगीचा कागद झाली होती. एकच हजेरीपट कोणास पळवाट, तर कोणास प्रवेशद्वार.

नोव्हेंबरांत तिचे साठ तास भरले. त्यानंतर दोन आठवड्यांनीं ती पुन्हा माझ्याकडे आली. अजून वीस तास बाकी आहेत असें एका कागदावर लिहून द्याल का, असें तिनें खालीं मान घालून विचारलें. खोटें लिहून देतां येत नाहीं असें मीं तिला सांगितलें, आणि तें योग्यच होतें. परंतु नकार देतांना मला जें सात्त्विक समाधान वाटलें त्याची आतां लाज वाटते. कारण त्या समाधानाची किंमत मी देत नव्हतों, ती देत होती. पुढचे नऊ दिवस संगीताच्या खोलींतून पखवाज ऐकूं आला नाहीं.

दहाव्या दिवशीं, तिला विचारून, मी तिच्या घरीं गेलों. वडील रात्रपाळीची झोंप पुरी करून नुकतेच उठले होते. मीं त्यांना खरें तेंच सांगितलें: तास पुरे झाले आहेत, श्रेयांक मिळाले आहेत, यापुढें तिच्या येण्यानें गुणपत्रिकेंत कांहींहि भर पडणार नाहीं, तरी तिला येऊं द्यावें. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मग कशाला, सर?”

त्या प्रश्नांत उपहास नव्हता. ज्या माणसाच्या प्रत्येक तासाचा हिशेब कारखान्याच्या दाराशीं होतो, त्याला बिनहिशेबी तासाचें प्रयोजन खरोखरच समजून घ्यावयाचें होतें. त्या वेळीं मला ना ॲरिस्टॉटल आठवला ना गीता. “मला नीट सांगतां येत नाहीं,” मी म्हणालों, “पण एकदां तिला वाजवितांना पाहा.” त्यांनीं भिंतीशीं ठेवलेल्या पखवाजाकडे पाहिलें. “आमचे वडील दिवसभर रानांत राबायचे आणि रात्रीं हा घेऊन देवळांत जायचे,” ते म्हणाले. “आई लई ओरडायची.” एवढेंच. मग आंतून चहा आला. मी निघालों तेव्हां मुलीच्या आईनें उंबऱ्यांतून सांगितलें, “बुधवारीं येऊं दे तिला, सर. पण सातच्या ठोक्याला घरीं.”

मग कशाला, या प्रश्नाचें उत्तर मी तेव्हांपासून शोधीत आहें. शिक्षण नोकरीसाठीं, नोकरी पगारासाठीं, पगार घरासाठीं, घर सुखानें राहण्यासाठीं, अशी ही सांखळी आहे. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशासाठीं तरी करावयाची असें ठरलें तरी सांखळीला कोठें तरी शेवट असावा लागतो. आणि सुखानें राहणें म्हणजे काय असें विचारलें, तर ज्या घटका मनुष्य दुसऱ्या कशासाठींहि खर्चीत नाहीं त्याच दाखवाव्या लागतात. आजोबांच्या देवळांतल्या रात्री तशा होत्या. नातीला त्या घटका नाकारल्या, तर बापानें केलेल्या रात्रपाळ्यांनासुद्धां अर्थ उरत नाहीं. हें उत्तर त्यांना त्या दिवशीं दिलें असतें तर पटलें असतें कीं नाहीं, कोण जाणे. पखवाजाकडे पाहतांना त्यांना तें माझ्याआधीं सुचलें असावें असें मला राहून राहून वाटतें.

विद्यालयांनीं यांतून काय घ्यावें? सक्ती दार उघडूं शकते. आंत काय घडेल तें ठरविणें तिच्या हातीं नाहीं. तेव्हां तास मोजावेत, परंतु सूर कसा लागला आणि आसनांत पाठ किती वांकली यांस गुण देऊं नयेत. साठ तास भरले म्हणजे खोलीस कुलूप लागूं नये. आमच्याकडे तास संपले कीं किल्ली कार्यालयांत जमा होते, आणि खरी कला जेथून सुरू व्हावयाची तेथेंच ती थांबते. तिसरी गोष्ट आम्हां अध्यापकांविषयींची आहे. इतक्या वर्षांच्या नोकरींत हातीं हजेरीपट नसतां मी संगीताच्या खोलींत किती वेळां जाऊन बसलों, याचा हिशेब हाताच्या बोटांवर होईल. मागच्या दारानें जाणाऱ्या मुलांना हंसण्याचा अधिकार मला नव्हता. मी तर पुढच्या दारानेंहि आंत गेलों नव्हतों.

सध्यां बुधवारपुरती ती किल्ली मीं मागून घेतली आहे. पांच वाजतां दार उघडतों आणि कोपऱ्यांतल्या खुर्चीवर बसतों. कधीं दोन-चार मुलें येतात, कधीं ती एकटीच असते. तिचा हात अजून कच्चा आहे. डाव्या पुडीचा आवाज मनासारखा निघाला नाहीं कीं ती तोच बोल पुनःपुन्हा वाजविते. साडेसहा वाजले कीं मी घड्याळ पाहून तिला उठवितों, कारण सातला तिला घरीं पोंचावयाचें असतें. तेवढी मोजणी मात्र मीं आपण होऊन पत्करली आहे.