गुंडाच्या चेहऱ्याची कमाई

फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मध्ये (१९४६) निक नावाचा एक बारमन आहे. आधी तो मार्टिनीच्या बारमध्ये कामाला असतो. बोलायला रांगडा, पण गिऱ्हाइकाची काळजी करणारा. मग नायक जन्मलाच नसता तर गावाचं काय झालं असतं, हे देवदूत दाखवतो. त्या गावात बार निकच्या मालकीचा असतो. पैशासाठी हात पसरणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडावर तो सोड्याची पिचकारी मारतो, नायकाला आणि देवदूताला बाहेर बर्फात फेकायला लावतो आणि गल्ल्याची घंटी वाजवत त्यांची टर उडवतो. चेहरा तोच, तोंडाच्या कोपऱ्यातून निघणारे न्यूयॉर्की उच्चारही तेच. बदललेलं असतं फक्त गाव.

हा नट शेल्डन लेनर्ड. १९०७ साली न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबात जन्मलेला, सिरॅक्यूस विद्यापीठाचा पदवीधर. हॉलिवूडने मात्र त्याला टोळीवाला, जुगारी, गुत्तेवाला हीच कामं दिली. रेडिओवर जॅक बेनीच्या कार्यक्रमातही तो रेसच्या टिपा देणारा इसम व्हायचा. फरक इतकाच, की टिप घोड्याची नसायची, कुठल्या लिफ्टने जावं याची असायची. ‘गाइज अँड डॉल्स’मधला (१९५५) हॅरी द हॉर्स त्याच माळेतला.

अशा नटाबद्दल हळहळायची आपली रीत आहे. साच्याने त्याला खाल्लं, म्हणतात. काही जणांच्या बाबतीत ते खरंही असेल. लेनर्डच्या बाबतीत मला ते पटत नाही. आपला चेहरा प्रेक्षक कसा वाचतात, हे तो रोज सेटवर पाहत होता. आपण जे आहोत आणि आपण जे दिसतो, यांतल्या अंतरावरच त्याचं पोट चालत होतं. ही जाण नायकाच्या भूमिका करणाऱ्याला सहसा येत नाही. त्याला गरजच पडत नाही.

पुढे तो दूरचित्रवाणीवर दिग्दर्शक आणि निर्माता झाला, तेव्हा ही जाण कामी आली. कार्ल रायनरने स्वतःच्याच आयुष्यावर एक मालिका लिहिली होती: न्यू रोशेलमध्ये राहणारा, विनोदी कार्यक्रमांचा लेखक, त्याची बायको, त्याचा मुलगा. नायकाचं कामही त्यानेच केलं. नमुना भाग आपटला. लेनर्डने संहिता वाचली आणि सांगितलं, लेखन उत्तम आहे, नट बदल. स्वतःच्याच आयुष्यातल्या भूमिकेला तू शोभत नाहीस, हे माणसाला तोंडावर सांगायला धाडस लागतं. की हे फक्त वर्षानुवर्षं खोटा गुंड झालेल्यालाच सुचावं? १९६१ मध्ये त्याच मालिकेत डिक व्हॅन डाइक आला आणि ‘डिक व्हॅन डाइक शो’ अमेरिकन विनोदी मालिकांचा मानदंड ठरला.

पण गोरा नट आणि काळा नट यांचे साचे सारखे नव्हते, हे विसरून चालणार नाही. लेनर्डला गुंडगिरीतून निर्मात्याच्या खुर्चीपर्यंत जाता आलं. त्याच काळातल्या काळ्या नटांच्या वाट्याला मोलकरणी, हमाल, बटलर यायचे आणि त्या कामांतून बाहेर पडायला दार नव्हतं. १९६५ मध्ये ‘आय स्पाय’ या हेरमालिकेसाठी लेनर्डने रॉबर्ट कल्पच्या बरोबरीने बिल कॉस्बी या काळ्या विनोदवीराला घेतलं. अमेरिकेच्या नाट्यमालिकेत काळा नट बरोबरीचा नायक म्हणून प्रथमच दिसत होता. दक्षिणेतल्या काही केंद्रांनी मालिका दाखवायला नकार दिला. कॉस्बीला ओळीने तीन एमी मिळाले. (त्याच्यावरच्या पुढच्या गंभीर आरोपांमुळे आज हे लिहिताना लेखणी अडखळते, पण घडलं ते घडलं.)

मला त्या मालिकेतला खरा डाव वेगळाच वाटतो. दोघे हेर, कल्प जगभर फिरणारा टेनिसपटू म्हणून वावरतो, कॉस्बी त्याचा प्रशिक्षक म्हणून. प्रत्यक्षात हा ‘प्रशिक्षक’ ऱ्होड्स शिष्यवृत्तीधारक, अनेक भाषा जाणणारा. पण गोऱ्या खेळाडूच्या मागे पिशवी घेऊन चालणाऱ्या काळ्या माणसाकडे कोण निरखून बघणार? जग ज्या साच्यातून बघतं, तोच साचा या हेराचं सोंग होतो.