आधी कागद वाच, मग कंपनी सोड

चि. बाळीस,


तुझ्या आईकडून कळलं की नव्या मुंबईतल्या खोलीत तुझ्या फोनला रेंजच येत नाही, बोलायचं झालं की तुला जिन्यात जाऊन उभं राहावं लागतं, म्हणून तू कंपनी बदलायचं ठरवलंयस. ठरवलंस ते बरोबरच आहे. पण मोबाइल कंपनीच्या गॅलरीतल्या मुलाने ‘मुदतीआधी सोडलंत तर जादा पैसे भरावे लागतील’ म्हटल्याबरोबर तू ‘भरून टाकते, कटकट नको’ म्हणालीस म्हणे. तुझा पहिला पगार झाला तेव्हा आजीला लुगडं घेताना चार दुकानं फिरलीस, आणि इथे न विचारता पैसे टाकून मोकळी व्हायला निघालीस, याचीच मला काळजी लागली.

आधी हे पैसे मागतात कशापोटी ते समजून घे. आपल्या पाथर्डी-शेवगावाकडचा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, साखर कारखान्यावर जाते ती मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊनच. उचल फिटेस्तोवर हंगाम सोडता येत नाही, हे तू लहानपणापासून शेजारच्या घरांतून बघितलंयस. कंपनीने प्लॅनबरोबर फोन स्वस्तात दिला असेल किंवा मोठी सूट दिली असेल, तर तीही उचलच. ती महिन्याच्या बिलातून हळूहळू फिटत असते, आणि मध्येच गेलीस तर उरलेली मागतात. तेव्हा त्या मुलाला एवढंच विचार, की मला दिलं काय होतं, त्यातलं फिटलं किती आणि उरलं किती. हे सगळं लेखी माग, एसएमएसवर दिलं तरी चालेल. नुसतं सिमकार्डच घेतलं असशील, वर फोन नाही की सूट नाही, तर मुदत कसली ते त्यांनाच कागदावर दाखवू दे.

अमेरिकेत ही पद्धत फार मोठी होती. दोन वर्षांचा करार, स्वस्तातला फोन, आणि मध्ये सोडलं तर दंड. व्हेरायझन कंपनीने २००९ साली स्मार्टफोनसाठी तो दंड साडेतीनशे डॉलर केला होता आणि दर पुऱ्या महिन्यामागे दहा डॉलर कमी करत असे. २०१३ मध्ये टी-मोबाइलने असे करारच बंद केले, मग बाकीच्यांनाही हळूहळू तिकडे वळावं लागलं. तिथल्या कायद्यात एक गोष्ट मला फार आवडली: सैनिकाची बदली नव्वद दिवस किंवा अधिक काळासाठी अशा ठिकाणी झाली की जिथे त्या कंपनीची सेवा नाही, तर दंड न भरता त्याला करार सोडता येतो. भिंगारच्या लष्करी छावणीशेजारी वाढलेल्या नगरकरांना हे पटायला वेळ लागणार नाही. (आजी म्हणतेय, अमेरिका पुरे, पोरीचं काम सांगा.)

तर आता तुझं काम. आपल्या देशात नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २० जानेवारी २०११ पासून सगळीकडे झाली, पण तेव्हा ती आपापल्या सर्कलपुरतीच, म्हणजे दूरसंचार विभागापुरतीच, होती. आपला नगर जिल्हा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो आणि मुंबई, नवी मुंबई, कल्याण हे सर्कल वेगळं. ती अडचणही ३ जुलै २०१५ ला मिटली, म्हणून तुझा पाथर्डीचा नंबर तिकडच्या कंपनीकडे नेता येतो. इंग्रजीत ‘पोर्ट’ हा शब्द लिहून, एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर टाकायचा आणि १९०० वर एसएमएस करायचा. उत्तरात आठ अक्षरी कोड येतो आणि तो चारच दिवस चालतो, म्हणून कोड आधी मागवून मग दुकानं शोधत बसू नकोस. सर्कल बदलत असल्याने तुला कामाचे पाच दिवस धरावे लागतील. त्याच सर्कलमध्ये असतीस तर तीन. अर्ज दिल्यावर मन बदललं, तर चोवीस तासांच्या आत ‘कॅन्सल’ आणि नंबर लिहून त्याच १९०० वर पाठवता येतं, इतकी सवलत घाई करणाऱ्यांनाही ठेवलीय.

पण कोड मिळायला अटी आहेत आणि सगळा धीर तिथेच लागतो. या कंपनीकडे नव्वद दिवस पुरे झालेले हवेत. आलेलं बिल भरलेलं हवं. आणि गेल्यावर येणारं जुन्या कंपनीचं शेवटचं बिल थकवलंस तर पुढे नव्या कंपनीकडूनही नंबर बंद होऊ शकतो. सिम हरवून बदलून घेतलं असेल तर त्यानंतर सात दिवस कोड मिळत नाही. आणि करारात बाहेर पडायचं कलम असेल तर ते पाळलेलं हवं, हेही नियमातच आहे, म्हणजे नुसत्या एसएमएसने ती उचल बुडवता येत नाही. तशी बुडवायची तुझी वृत्तीही नाही, मला ठाऊक आहे.

मुदत संपायला दोन-तीनच महिने उरले असतील तर माझं ऐक, थांब. करार आड येत नसेल तर सगळ्यात स्वस्त प्लॅनवर ये. प्लॅन बदलायची मोकळीक दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ग्राहकाला दिलेली आहे. तेवढे दिवस खोलीत वाय-फायवरून बोल. आणि मुदत बरीच उरली असेल तर रेंज नसल्याची तक्रार आजपासूनच नोंदव. एक वही कर (मोबाइलमध्ये नको, कागदाचीच), त्यात तारीख, वेळ, कोण बोललं आणि तक्रारीचा क्रमांक लिहीत जा. हे काम सकाळी उठल्या-उठल्या, डोकं शांत असताना करावं. रात्री दमून आल्यावर माणूस एक तर भांडतो नाही तर कबूल होतो. तक्रारीने भागलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. तिथेही अडलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

सेवा मिळालीच नाही आणि तरी दंड मागितला, तर तो आकडा ब्रह्मलिखित समजू नकोस. १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं की करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही वरची मर्यादा. भरपाई मिळते ती वाजवी तेवढीच. नुकसानाच्या मानाने अगदीच अवाच्या सवा दंड लावणाऱ्या कराराला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अन्याय्य करार म्हणतो. त्याची दाद मात्र जिल्हा आयोगात लागत नाही, राज्य आयोगात जावं लागतं, म्हणून हजार-दीड हजारासाठी तिथवर जायचं का हे आधी तोलून बघ. त्याआधी वहीतल्या नोंदी समोर ठेवून शांतपणे बोलून बघ, दंड कमी होऊ शकतो किंवा सोडलाही जाऊ शकतो. नाहीच सोडला आणि हिशेबात उचल खरोखर उरलेली निघाली, तर ती भर, पावती घे आणि अनामत ठेवली असेल तर ती मागायला विसरू नकोस.

घेतलेल्या प्लॅनच्या कागदाचा आणि गेल्या तीन बिलांचा फोटो मला पाठव. तोवर १९०० वर एसएमएस करू नकोस. मी पहाटे पाचला उठलेला असतो, ऑफिसला निघायच्या आधी फोन कर.

तुझे,
आजोबा