चुन्याची भूक

नांदुऱ्यापासून मुंबईचा समुद्र सुमारे पाचशे किलोमीटर. तरी पाणबुड्याच्या श्वासाचा विचार मला इथेच सुचला, तंबाखू मळणाऱ्याच्या हातातली डबी पाहून. डबी उघडी राहिली की चुन्यावर पापुद्रा धरतो. तो नखाने सारून माणूस खालचा ओला चुना घेतो. पापुद्रा म्हणजे चुन्याने पुन्हा धरलेले दगडाचे रूप. भट्टीत चुनखडीतून जो कार्बन डायऑक्साइड हाकलला, तोच तो हवेतून परत मागत असतो. शाळेत नळीने फुंकून चुन्याची निवळी दुधाळ केली, तेव्हा आपण हीच भूक पाहिली होती.

रिब्रीदरमध्ये पाणबुड्या आपलाच उच्छ्वास पुन्हा आत घेतो. त्यात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो वाटेत गिळणारा डबा म्हणजे स्क्रबर. मग त्यात खायचा चुनाच का भरू नये? लगद्यातून वारा जात नाही, आणि कोरडी फक्की उडून फुप्फुसात जाते. म्हणून सोडालाइमचे १ ते २.५ मिलिमीटरचे दाणे: बहुतांश विझवलेला चुना, किंचित कॉस्टिक सोडा आणि ओलावा. सोडा इथे हमाल, चुना कोठार. ओलाव्यात विरघळलेला वायू सोडा झटकन उचलतो, चुना तो उतरवून घेतो, हमाल पुन्हा मोकळा.

सोडा म्हटले की बुलढाणेकराला लोणारचे सरोवर आठवणारच. तिथे काच आणि साबणाचा कच्चा माल मिळतो, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे. पण सरोवराचा क्षार मुख्यतः कार्बोनेट, म्हणजे बव्हंशी जेवून बसलेला. त्याला भुकेला करायचे तर पुन्हा चुनाच हवा. ही युक्ती सुश्रुतसंहितेच्या क्षारपाकात आहे: राखेच्या क्षारोदकात लाल तापवलेले शंख-शिंपले विझवायचे, क्षाराला धार येते, मग तो लोखंडी घड्यात तोंड बांधून ठेवायचा. तोंड का बांधायचे? हवेनेच त्याचे पोट भरू नये म्हणून, असे आज आपण म्हणू.

धार मात्र किती असावी? हेन्री फ्ल्यूसने १८७८च्या सुमारास केलेल्या रिब्रीदरमध्ये कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेला दोर होता. अंतराळयानातले लिथियम हायड्रॉक्साइड वजनाला हलके, पण जास्त दाहक. पोटॅशियम सुपरऑक्साइड तर वायू गिळून उलट ऑक्सिजन देते. मोह पडावा असेच, पण पाण्याशी गाठ पडली की भडकते. समुद्राखाली पाण्याशी गाठ कधी ना कधी पडतेच. सोडालाइमच्या डब्यात पाणी शिरले तरी जळजळीत क्षाराचा घोट तोंडात येतो. त्याहून तिखट पदार्थ मी तरी कुणाच्या ओठांशी नेणार नाही.

आणखी एक पेच: ताजे आणि संपलेले दाणे सारखेच पांढरे. भूलतज्ज्ञांच्या सोडालाइममध्ये रंग मिसळतात; दमले की ते जांभळे होते. पण रात्रभर ठेवले की जांभळेपणा बराच ओसरतो, भूक मात्र परतत नाही. म्हणून पाणबुड्या रंगावर न विसंबता तास मोजतो आणि डबा रिता करतो. तंबाखूवाल्याला पापुद्रा दिसतो, नखाने सारता येतो. इथे तो दाण्यादाण्याला धरलेला असतो.