मधले हात

नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेतील बहुतेक घरांत दुपारी एकच वास दरवळत असतो. ओव्हनमध्ये चार तास भाजला जाणारा टर्की पक्षी आणि त्याच्या पोटात भरलेले पावाचे तुकडे, कांदा, सेलरी, लोणी व सेज नावाच्या पाल्याचे सारण, यांचा तो वास. दिवसाचे नाव 'थँक्सगिव्हिंग', म्हणजे उपकारस्मरणाचा दिवस. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांची मुले-मुली आज त्या देशात संसार थाटून आहेत. त्यांच्याकडे गेलेले आईवडील त्या मेजावर बसतात आणि परतल्यावर त्या अवाढव्य पक्ष्याचे वर्णन करतात. फुगे आणि इंद्याल यांच्या गप्पांत आता टर्कीही येऊन बसला आहे. त्याच्या निमित्ताने एक जुना प्रश्न आम्हांला पुन्हा विचारावासा वाटतो. जेवणापूर्वी मान लववून आपण देवाचे उपकार मानतो, तेव्हा नेमके काय करतो?

प्रश्न बाळबोध वाटेल. परंतु आपल्या भाषेनेच तो अवघड करून ठेवला आहे. आभार मानणारा तो आभारी, हे सोपे आहे. कृतज्ञ हा शब्द मात्र त्याहून कडक. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी काय केले गेले हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. गंमत अशी, की इंग्रजीतील 'थँक' हा शब्दही 'थिंक' याच्याच कुळातला आहे. आभाराला जीभ पुरते, कृतज्ञतेला माहिती लागते. मग ज्याला काही ठाऊकच नाही, किंबहुना ठाऊक करून घ्यायचे नाही, त्याने मिटल्या डोळ्यांनी म्हटलेल्या प्रार्थनेला कृतज्ञता म्हणावे काय? टर्कीचे जेवण या विचाराला फार सोयीचे आहे. कारण त्या ताटाच्या आणि आकाशाच्या मध्ये पुष्कळ हात आहेत.

प्रथम स्वयंपाकघरातले हात पाहू. ते सर्वांत जवळ असतात आणि सर्वांत आधी विसरले जातात. १५ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ७ किलोंचा गोठवलेला टर्की गुरुवारी मेजावर यायचा असेल, तर तो रविवारीच फ्रीजच्या तळाशी वितळायला ठेवावा लागतो. दर ४-५ पौंडांना २४ तास, हा तिथला हिशेब. बुधवारी पावाचे तुकडे वाळवायचे, कांदा आणि सेलरी लोण्यात परतून ठेवायची. गुरुवारी सकाळी पक्ष्याच्या पोटातली मान, काळीज वगैरेंची पुडी बाहेर काढायची, सारण सैलसर भरायचे आणि भरल्याबरोबर पक्षी ओव्हनमध्ये सरकवायचा. ठासून भरले किंवा भरून तसेच ठेवून दिले, तर घात ठरलेला. कारण सारण कच्च्या मांसाचा रस शोषून घेते आणि उष्णता सर्वांत शेवटी तेथेच पोहोचते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा आग्रह असा, की मांडीचा जाड भाग, छाती आणि सारणाचा गाभा या तिन्ही ठिकाणी थर्मामीटर १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस दाखवीपर्यंत पक्षी बाहेर काढू नये. नाहीतर साल्मोनेलासारखे जंतू जिवंत राहतात. खरी मेख पुढेच आहे. गाभा इतका तापेपर्यंत छातीचे मांस कोरडे पडू लागते. छाती रसाळ ठेवावी तर सारण कच्चे, सारण शिजवावे तर छाती भुशासारखी. म्हणून पुष्कळ जणी सारण वेगळ्या भांड्यात भाजतात, आणि मग आजीच्या हातची चव याला नाही असे मेजावर कोणीतरी म्हणतेच! बटरबॉल या टर्की विकणाऱ्या कंपनीने १९८१ साली या दिवसांसाठी दूरध्वनीवर सल्ला देण्याची सोय सुरू केली. एका जेवणासाठी अशी सोय करावी लागली, यातच त्यामागची धास्ती दिसते.

तीन-चार दिवसांचे हे काम अर्ध्या-पाऊण तासात फस्त होते. प्रार्थना घरातील वडीलधारा माणूस म्हणतो आणि पक्ष्यावर सुरी चालविण्याचा मानही बहुधा त्याचाच. ओव्हनचे दार उघडून उघडून जिचे तोंड लाल झाले, ती त्या वेळी ग्रेव्ही गाळत असते. अपवाद आहेत, वाढतही आहेत, त्याचा आम्हांला आनंद आहे. पण परदेशी कामाला बाई मिळत नाही, तेव्हा आपल्याकडून पाहुणी म्हणून गेलेली सासूदेखील दुसऱ्या दिवसापासून सुनेच्या बरोबरीने कांदे सोलू लागते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. प्रार्थनेत देवाचे नाव येते, देशाचे येते, दूर असलेल्या नातलगांचे येते. कांदे सोलणारीचे नाव आलेले आम्ही क्वचितच ऐकले आहे.

स्वयंपाकघराच्या पलीकडे मात्र आपली माहिती झपाट्याने विरळ होत जाते. खुद्द त्या पक्ष्याला धड नावही मिळालेले नाही. तो मूळचा उत्तर अमेरिका खंडातला; मेक्सिकोच्या लोकांनी तो प्रथम माणसाळवला. इंग्रजांनी त्याला तुर्कांच्या नावाने ओळखले, तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, फ्रेंच भाषेतील त्याचे नाव हिंदुस्थानावरून पडले आणि पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात, जे आपल्या ओठी बागेतले फळ आहे. आपल्या किनाऱ्याशी त्याची ओळख जुनी. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान याने गोव्याहून ज्या अपूर्व वस्तू आणल्या, त्यांत टर्कीही होता. बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्याचे बारकाईने वर्णन केले आणि दरबारी चित्रकार मन्सूर याने त्याचे चित्र काढले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मानेवरचा एकेक सुरकुतलेला गोंडा त्या चित्रकाराने न्याहाळला आहे. खाण्यापूर्वी त्या पक्ष्याकडे इतके निरखून पाहणारा माणूस आज कोठे सापडेल?

आजचा टर्की पाहवतही नाही, असे म्हणणे भाग आहे. रानटी टर्की उडतो, रात्री झाडावर बसतो. बाजारातला पांढरा, रुंद छातीचा टर्की माणसाने असा घडविला आहे, की छातीच्या वजनामुळे त्याला उडता येत नाही आणि नैसर्गिक समागमही करता येत नाही. त्याची पैदास कृत्रिम रेतनानेच होते. एका थँक्सगिव्हिंगला असे सुमारे ४ कोटी ६० लाख पक्षी खाल्ले जातात, असा त्या उद्योगाचाच अंदाज आहे. जनावरांची कत्तल यातना न देता व्हावी म्हणून अमेरिकेत १९५८ साली कायदा झाला. परंतु कोंबड्या व टर्की यांना त्याचे संरक्षण नाही. पट्ट्यावरून सरकणारे ते पक्षी कापणारे हातही बहुतांशी गरिबांचे आणि स्थलांतरितांचे आहेत. २०२० साली करोनाची साथ मांस-कारखान्यांतून पसरली, कामगार दगावले, आणि तरीही त्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांनी हे कारखाने चालू राहावेत म्हणून आदेश काढला. ताट रिकामे राहू नये यासाठी ते लोक खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यांच्यापैकी कितींना सुटीच्या दिवशी टर्की भाजण्याचे त्राण उरले असेल, कोण जाणे.

याच देशात दरवर्षी एका टर्कीला माफी दिली जाते. १९८९ साली थोरल्या बुश यांनी हा शब्द वापरला आणि तेव्हापासून तो रिवाजच झाला. छायाचित्रकार जमतात, विनोद होतात. आम्हांला त्या विनोदाचा राग नाही. पण माफी अपराध्याला द्यायची असते ना? त्या पक्ष्याचा अपराध कोणता? माफी मागण्याची पाळी ज्याची, त्यानेच ती देऊन मोकळे व्हावे, ही सोय मोठी नामी आहे. एका पक्ष्याला नाव देऊन जगविले, की बाकीच्या कोट्यवधींची नावे विचारण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक हात मागे राहिला आहे, इतिहासातला. १६२१ च्या सुगीत प्लिमथ येथील इंग्रज वसाहतवाल्यांनी तीन दिवस मेजवानी केली. एडवर्ड विन्स्लो याच्या पत्रावरून कळते, की चार माणसे पाखरे मारायला गेली होती, आणि वाम्पानोआग लोकांचा राजा मॅसासॉइट आपली नव्वदेक माणसे घेऊन आला. त्यांनी पाच हरणे मारून आणली. टर्की होता की नाही, हे पत्रात नाही. तो या सणाचा मानकरी झाला तो पुढे, एकोणिसाव्या शतकात; सेरा हेल या लेखिकेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि १८६३ साली यादवी युद्धाच्या धामधुमीत लिंकन यांनी सबंध राष्ट्रासाठी हा दिवस जाहीर केला. असो. त्या सुगीत इंग्रजांच्या शेतात मका पिकला, तो टिस्क्वांटम नावाच्या माणसाने पेरायला शिकविला म्हणून. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये गुलाम म्हणून विकायला नेले होते. तेथे काही धर्मबंधूंनी त्या बंदिवानांपैकी काही जणांना सोडविले. अनेक वर्षांनी तो मायदेशी परतला, तेव्हा त्याचे गाव साथीच्या रोगाने ओस पडले होते. प्लिमथ वसले ते त्याच जागेवर. आपल्या मेलेल्या गावाच्या भुईत त्याने परक्यांना मका लावायला शिकविले! त्या उपकाराची परतफेड कशी झाली, हे वाम्पानोआग विसरलेले नाहीत. १९७० साली, वसाहतीच्या ३५० व्या वर्षी, त्यांच्यापैकी वाम्सुट्टा फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावले गेले. भाषणाचा मसुदा वाचून ते नाकारण्यात आले. तेव्हापासून प्लिमथ येथे त्याच गुरुवारी शोकदिन पाळला जातो. एकाच दिवशी, एकाच गावात, कोणी उपकार आठवतो आणि कोणी अपकार.

येथे वाचक आम्हांला थांबवतील. आनंदाच्या जेवणात हे सारे आठवायचे, तर घास घशाखाली उतरेल कसा? सणाच्या मेजावर कसाईखाना कशाला आणायचा? आक्षेप खरा आहे. जाणण्याने भूक मरते, हे आम्ही नाकारीत नाही. काही जण ते जाणून मांस सोडतात; त्यांचा आम्ही आदर करतो. काही जाणून खातात, पण कमी खातात, उरलेल्या हाडांचे दुसऱ्या दिवशी सूप करतात, काही फेकीत नाहीत. कोणी चार पैसे जास्त देऊन मोकळ्यावर वाढलेला पक्षी घेतो. ते प्रत्येकाच्या खिशाला परवडत नाही, आणि नव्याने स्थिरावणाऱ्या कुटुंबाला त्यावरून कोणी टोचू नये. या दोघांतिघांत श्रेष्ठ कोण याचा निवाडा आमच्याने होत नाही. ज्याने जाणण्याचेच नाकारले, त्याच्या प्रार्थनेबद्दल मात्र आम्हांला शंका आहे. तो देवाला म्हणतो, तू दिलेस. आणि मनात म्हणतो, कसे आले ते विचारू नकोस.

दुसरा आक्षेप अधिक भाविक आहे. सर्व देणारा देवच. त्याचे उपकार मानले की मधल्या सर्वांचे आपोआप मानले गेले. ऐकायला हे नम्र वाटते. परंतु ज्या विधीचे नावच उपकारस्तुती आहे, त्या पवित्र मिस्सेत असे होत नाही. ग्रीक भाषेत 'यूखरिस्त' म्हणजे उपकार मानणे. त्या विधीत धर्मगुरू भाकर उचलतात, तेव्हा देवाच्या दातृत्वाबरोबर भुईचा आणि माणसाच्या श्रमांचाही उल्लेख करतात. वेदीवर पोहोचलेली भाकरसुद्धा नांगर, जाते आणि चूल विसरत नाही. मग घरच्या मेजाने ते का विसरावे? देवाचे उपकार मानायला खर्च नसतो. तो भांडी घासायला सांगत नाही. शेजारी बसलेल्या माणसाचे उपकार मानले, की उठावे लागते.

मार्थेची गोष्ट पुष्कळदा तिच्याविरुद्ध सांगितली जाते. संत लूकच्या शुभवर्तमानात ती कामाने त्रासली आहे, बहिणीची तक्रार करते आणि प्रभू तिला प्रेमाने समजावतो. समजावतो तिच्या तगमगीबद्दल. त्या घरी त्या दिवशी जेवण झाले असेल, तर ते तिनेच केलेले असणार. स्वयंपाक करणाऱ्यांची ती आश्रयदाती संत आहे. २९ जुलै हा पूर्वी तिच्या एकटीचा स्मरणदिन होता. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यात मरिया आणि लाझरस यांनाही सामील केले. संत योहानाच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, बेथानीलाच पुन्हा एकदा जेवण आहे. लाझरस मेलेल्यांतून उठून पंक्तीला बसला आहे. मरिया प्रभूच्या पायांना सुगंधी तेल लावते आहे आणि सारे घर त्या वासाने भरून गेले आहे. मार्था वाढते आहे. या वेळी ती तक्रार करीत नाही, आणि तिला कोणी काही म्हणतही नाही. तिच्या हातातले भांडे घ्यायला पंक्तीतून कोणी उठले की नाही, हे योहानाने लिहिलेले नाही.