चव्हाट्यावर आणणें

अमक्याचें पाप चव्हाट्यावर आणलें पाहिजे, असें आमचे कित्येक उपदेशक बंधु म्हणतात, व तेवढ्यानें प्रभूची सेवा झाली असें त्यांस वाटतें. या शब्दाचा थोडा विचार करूं.

चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. तेथें उभ्या केलेल्या मनुष्यास आडोसा नसतो. लोक चोहोंकडून येतात, पाहतात व आपापल्या वाटेनें निघून जातात. उघड करणें निराळें आणि चव्हाट्यावर आणणें निराळें. वैद्यापुढें जखम उघडावी लागते, कारण तो ती बांधणार असतो. वाटसरू कांहीं बांधीत नाहीं; तो गोष्ट मात्र पुढल्या गांवीं नेतो.

कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील तरुणानें आपण दारू प्यालों असें उपदेशकापाशीं रडून कबूल केलें. पुढल्या रविवारीं त्यास भर उपासनेंत उभें करून तेंच पुन्हा वदविण्यांत आलें. आम्ही त्या दिवशीं तेथें पाहुणे होतों. आम्हांस तें रुचलें नाहीं, तरी आम्ही गप्प बसलों. सोमवारीं पाणवठ्यावर त्याच्या बायकोस तें सर्व ऐकावें लागलें. तो पुन्हा उपासनेस आला नाहीं.

कोणी म्हणेल, पाप्यास सर्वांदेखत दोष द्यावा असें पौलानें तीमथ्यास लिहिलें नाहीं काय? लिहिलें, पण तेथें विषय मंडळीच्या वडिलांचा आहे, आणि दोघां-तिघांची साक्ष असल्यावांचून आरोप घेऊंच नये असें आधीं सांगितलें आहे. जो वडील मंडळीच्या पैशाची अफरातफर करून वर उर्मटपणें नाकारतो, त्याचें झांकणें हा गरिबांवर जुलूमच होय. परंतु मत्तयाच्या १८ व्या अध्यायांत प्रभूनें पायऱ्या घालून दिल्या आहेत: आधीं एकांतांत, मग एकदोघांस बरोबर घेऊन, आणि त्यानेंही ऐकलें नाहीं तर मंडळीपुढें. त्या तरुणानें तर पहिल्याच पायरीवर ऐकलें होतें. मग आम्हांस घाई कसली? खरें सांगावयाचें तर दुसऱ्याच्या पापाची हकिकत ऐकण्यांत एक गोडी असते, व ती आम्हां पाळकांसही सुटलेली नाहीं.

नोहा उघडा पडला आहे हें शेम व याफेथ यांस ठाऊक होतें. त्यांनीं तें नाकारलें नाहीं. खांद्यावर वस्त्र घेऊन ते पाठमोरे आंत गेले.

गेल्या महिन्यांत आम्ही त्या तरुणाच्या घरीं गेलों. त्यानें घोंगडी अंथरली, चहा दिला. उपासनेची गोष्ट काढतांच तो खालीं पाहून म्हणाला, “पाळकसाहेब, त्या दिवशीं तुम्हीही तेथेंच होतां.”